कंपनीचे साहेब आधी काय करत होते? लीडरशिप टीमबद्दल सांगलीतल्या पोरांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी विश्रामबागला राहतो. सतरा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काढली, आता घरूनच काम करतो. कॅम्पसचा सीझन सुरू झाला की वालचंदची, साखराळ्याच्या आरआयटीची, कराडच्या गव्हर्मेंट कॉलेजची पोरं मेसेज करतात की दादा ही कंपनी कशी आहे, ऑफर घेऊ का. मी प्रत्येकाला पहिलं एकच सांगतो की त्या कंपनीच्या वेबसाइटवर लीडरशिप टीमचं पान असतं ते नीट वाच आणि मग बोल. त्यावर पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच इथं लिहून ठेवतोय.

लीडरशिप टीमचं पान म्हणजे काय आणि फ्रेशरनं ते कशाला वाचायचं? मला कुठं सीईओला भेटायचंय?

भेटायचं नाही हे खरं, पण तुझा पगार वेळेवर होणार का, तुला काय शिकायला मिळणार, दोन वर्षांनी ती कंपनी असणार का, हे सगळं त्या पानावरची पाच-सात माणसं ठरवणार आहेत. फोटो, नाव, पद आणि खाली चार ओळींत आधी कुठं काय केलं, एवढंच त्या पानावर असतं. पोरं फोटो बघतात आणि पुढं जातात, खरा माल त्या चार ओळींत असतो.

आणि हे वाचणं आपल्याकडच्या लोकांना नवीन नाही बरं का. तुझे वडील ऊस घालत असतील तर त्यांना विचार, कारखान्यावर नवा एमडी आला की गावात पहिली चर्चा काय होते? हा आधी कुठल्या कारखान्यावर होता, तिथं रिकव्हरी, म्हणजे उसातून निघणारी साखर, किती काढत होता, तिथली ऊसबिलं वेळेत निघत होती का, आणि तिथून का सुटला. चार माणसं पारावर बसून एका तासात त्या माणसाची अख्खी कुंडली मांडतात. आयटी कंपनीच्या बाबतीत नेमकं हेच करायचंय, पण तिथं आपली माणसं इंग्रजी बघून बिचकतात आणि बिल्डिंगच्या काचा बघून सही करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सीईओ, सीटीओ, सीएफओ, सीओओ... एवढी पदं कशाला? कोण काय करतं?

कारखान्याचीच भाषा घेऊ. बोर्ड म्हणजे संचालक मंडळ आणि त्याचा प्रमुख चेअरमन. सीईओ म्हणजे कार्यकारी संचालक, रोजचा गाडा हाकणारा. सीटीओ हा चीफ इंजिनिअर आणि चीफ केमिस्ट एकत्र केल्यासारखा, म्हणजे माल कसा बनणार हे त्याच्या हातात. सीएफओ चीफ अकाउंटंट. सीओओ रोजचं काम वेळेत होतंय का बघणारा. सेल्सचा प्रमुख म्हणजे आपला शेती अधिकारी समजा, तो गावोगाव फिरून ऊस आणतो आणि हा क्लायंट आणतो. एचआरचा प्रमुख वेगळा, त्याच्याशी तुमचा संबंध सगळ्यात आधी येतो आणि ऑफर लेटरवर बहुतेक त्याचीच किंवा त्याच्या माणसाची सही असते.

आता केमिस्ट नसलेला साखर कारखाना डोळ्यासमोर आणा. त्या पानावर कोण आहे यापेक्षा कोण नाही हे आधी बघा असं मी म्हणतो ते यासाठीच.

आमच्या पोराच्या कंपनीचा सीईओ कॉम्प्युटर शिकलेलाच नाही. असं कसं चालतं?

चालतं, आणि चांगलं चालतं. हा प्रश्न पालकांकडून सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुंदर पिचाई आयआयटी खरगपूरला मेटलर्जी शिकले, म्हणजे धातूंचं शास्त्र. मग स्टॅनफर्डला मटेरियल सायन्स, व्हार्टनला एमबीए, मधे अप्लाइड मटेरियल्स आणि मॅकिन्झी, आणि २००४ ला गुगल. तिथं क्रोम ब्राउजरचं काम त्यांनी सांभाळलं, ते २००८ ला आलं आणि जगभर पसरलं, २०१५ ला ते गुगलचे सीईओ झाले. डिग्री धातूंची असली तरी सीईओ होण्याआधीची अकरा वर्षं त्यांनी त्याच कंपनीत प्रॉडक्ट बनवण्यात घातली. बघायची ती अकरा वर्षं.

ॲपलचं उदाहरण मला अजून आवडतं. टिम कुक इंडस्ट्रियल इंजिनिअर, ऑबर्न युनिव्हर्सिटीचे. बारा वर्षं आयबीएममध्ये, मग कॉम्पॅकमध्ये थोडे दिवस, आणि १९९८ ला स्टीव्ह जॉब्जनी त्यांना आणलं ते माल कुठून येतो, कुठं साठतो, किती दिवस गोडाऊनमध्ये पडून राहतो हे सगळं सुधारायला. त्यांनी गोडाऊनं कमी केली, साठा कमी केला. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती सांभाळलेल्या माणसाला हे लगेच कळेल, माल पडून राहिला की पैसा पडून राहतो. २०११ ला ते सीईओ झाले. म्हणजे जगातल्या एवढ्या मोठ्या टेक कंपनीच्या गादीवर आलेला माणूस मुळात सप्लाय चेनचा होता.

आपल्याकडंच बघा. पुण्याची केपीआयटी, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचं मोठं नाव आहे, ती १९९० ला एका सीए फर्ममधून निघाली. नावातलं के आणि पी म्हणजे किर्तने आणि पंडित. रवी पंडित स्वतः सीए, किशोर पाटीलही सीए. विप्रोचं तर मूळच अमळनेरच्या तेलाच्या कारखान्यात आहे, १९६६ ला वडील गेले तेव्हा अझीम प्रेमजी एकवीस वर्षांचे होते, स्टॅनफर्डचं शिक्षण मधेच सोडून येऊन त्यांनी वनस्पती तुपाचा धंदा हातात घेतला आणि कॉम्प्युटर नंतर आले. टीसीएस उभी करणारे फकीरचंद कोहली हे इलेक्ट्रिकल इंजिनिअर, टाटांच्या वीज कंपनीतून १९६९ ला तिकडं गेले.

फक्त एक लक्षात ठेवा, सीईओ कॉम्प्युटरवाला नसेल तर त्याच्या शेजारी कोणीतरी पक्का तंत्रवाला पाहिजे, आणि त्याच्या शब्दाला वजन पाहिजे. तोही नसेल तर मग ती कंपनी सॉफ्टवेअर विकते एवढंच, बनवते दुसराच कोणीतरी.

टीममध्ये एकही आयआयटीवाला नाही. कंपनी हलकी समजायची का?

अजिबात नाही, आणि हा प्रश्न साताऱ्याच्या पोरानं विचारला की मला जास्तच लागतो. कारण क्विक हीलचे कैलाश काटकर मूळ सातारा जिल्ह्यातले. दहावीनंतर शिक्षण सोडलं, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, मग स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं, तिथून कॉम्प्युटरकडं वळले. धाकटे भाऊ संजय यांना त्यांनी कॉम्प्युटर शिकायला लावलं, आणि दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या मशीन व्हायरसनं खराब झालेल्या असतात हे बघून संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला. त्यातून अँटीव्हायरस झाला, आणि २०१६ ला ती कंपनी शेअर बाजारात लिस्ट झाली.

आता हे प्रोफाइल म्हणून वाचा. एक भाऊ गिऱ्हाईक ओळखणारा, मशीन खोलून बघितलेला, दुकान चालवलेला. दुसरा कोड लिहिणारा, रीतसर शिकलेला. दोघांची कामं वेगळी आणि एकमेकांना पुरी पडणारी. मी कुठलीही टीम वाचताना हेच शोधतो की ही माणसं एकमेकांची उणीव भरून काढतात का, का सगळे एकाच साच्यातले आहेत. पाच आयआयटीवाले एकाच बॅचचे, एकाच होस्टेलचे आणि एकाच कंपनीतून आलेले असतील तर मला तिथं थोडी काळजीच वाटते, कारण नाही म्हणणारा कोण हा प्रश्न राहतो.

आपल्या भागातलं असं काही उदाहरण आहे का? सगळी उदाहरणं अमेरिकेची नाहीतर पुण्याचीच असतात.

आहे की, आणि शंभर वर्षांहून जुनं. किर्लोस्करवाडी. १९१० ला औंध संस्थानच्या माळावर, आज जो आपल्या पलूस तालुक्यात येतो तिथं, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला. त्या काळाच्या मानानं ती टेक कंपनीच होती, लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं म्हणजे तेव्हाच्या शेतकऱ्याला नवं तंत्रज्ञानच. लक्ष्मणरावांचं स्वतःचं प्रोफाइल बघा, मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती सोडली, मग यांत्रिक ड्रॉइंग शिकून व्हीजेटीआयमध्ये शिकवलं, पुढं बेळगावात सायकलचं दुकान. आजच्या एचआरच्या चाळणीतून हे प्रोफाइल पार पडेल का सांगता येत नाही.

आणि त्यांची टीम! यंत्रांचं काम शंभोराव जांभेकर बघायचे, हिशोब मंगेशराव रेगे यांच्याकडं, आणि शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथं कल्पक इंजिनिअर म्हणून पुढं आले. बनवणारा वेगळा, हिशोब ठेवणारा वेगळा. आजच्या भाषेत सीटीओ आणि सीएफओ. किर्लोस्करवाडी स्टेशनवरून रेल्वेनं जाताना मला दरवेळी हे आठवतं.

प्रोफाइलमध्ये 'एक्स-गुगल', 'एक्स-मायक्रोसॉफ्ट' लिहिलेलं असतं. त्याला किती किंमत द्यायची?

नावाला थोडी आणि कामाला जास्त. मोठ्या कंपनीत लाखाच्या वर माणसं असतात, त्यात इंटर्न असतात, कॉन्ट्रॅक्टवरचे असतात, जाहिराती विकणारे असतात. म्हणून तीन गोष्टी विचारा: किती वर्षं होता, कुठल्या कामावर होता, आणि इथं जे काम करतोय त्याचा त्या कामाशी संबंध आहे का.

सत्या नडेला यांचं बघा. मणिपालला इलेक्ट्रिकल, मग अमेरिकेत विस्कॉन्सिन-मिलवॉकीला कॉम्प्युटर सायन्स, थोडं काम सन मायक्रोसिस्टम्समध्ये आणि १९९२ ला मायक्रोसॉफ्ट. बावीस वर्षं तिथंच वेगवेगळ्या विभागांत. सीईओ व्हायच्या आधी त्यांच्याकडं सर्व्हर आणि क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून कॉम्प्युटर भाड्यानं वापरायला द्यायचा, विभाग होता, २०१४ ला सीईओ झाले आणि सगळी कंपनीच क्लाउडकडं वळली. म्हणजे २०१४ ला त्यांचं प्रोफाइल कुणी नीट वाचलं असतं तर मायक्रोसॉफ्ट कुठं जाणार याचा अंदाज तेव्हाच आला असता. माणूस ज्या कामात मुरलेला असतो तिकडंच कंपनी ओढतो. सेल्समधून आलेला सीईओ विक्री वाढवायला बघतो, हिशोबातून आलेला खर्च बघतो, इंजिनिअर प्रॉडक्टमध्ये शिरतो. यात वाईट काही नाही, पण तुझं काम कुठल्या बाजूला आहे ते बघ, तू टेस्टिंगला लागणार असशील आणि वरच्या टीममध्ये क्वालिटी कधी कुणी बघितलीच नसेल तर तुझ्या कामाची कदर कोण करणार?

'हार्वर्ड ॲलम्नस' लिहिलंय. म्हणजे माणूस मोठाच असणार ना?

बारकाईनं वाचा. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, आपली आयआयएमं, सगळीकडं मॅनेजरांसाठी छोटे कोर्स असतात, काही आठवड्यांचे, काही थेट ऑनलाइन. ते कोर्स चांगले असतात, वाद नाही. पण कोर्स आणि डिग्री यात फरक आहे, आणि काही लोक प्रोफाइलमध्ये ते अशा पद्धतीनं लिहितात की वाचणाऱ्याला डिग्रीच वाटावी. डिग्री असेल तर तिचं नाव असतं, बीटेक, एमएस, एमबीए, पीएचडी, आणि साल असतं. नुसतंच 'हार्वर्डमधून शिक्षण' असं असेल तर लिंक्डइनवर जाऊन बघा.

तसंच 'वीस वर्षांहून अधिक अनुभव' हे वाक्य. कशाचा अनुभव ते पुढच्या ओळीत आलं पाहिजे. नाही आलं तर ते वाक्य सोडून द्या.

एवढे मोठे लोक डिग्रीबद्दल खोटं लिहितील का?

झालंय तसं. २०१२ च्या जानेवारीत याहूनं स्कॉट थॉम्पसन यांना सीईओ केलं, आधी ते पेपालचे अध्यक्ष होते. त्यांच्या प्रोफाइलमध्ये अकाउंटिंग आणि कॉम्प्युटर सायन्स अशी डिग्री लिहिलेली होती. कंपनीचे शेअर घेतलेल्या एका गुंतवणूकदार फंडानं शोधून काढलं की डिग्री फक्त अकाउंटिंगची आहे. मे महिन्यात त्यांना जावं लागलं, जेमतेम चार महिने झाले होते.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की अकाउंटिंगची डिग्री असणं काहीच गैर नव्हतं. पेपाल त्यांनी चालवून दाखवलेलं होतं. नडलं ते खोटं. आणि ते शोधायला कुणी गुप्तहेर लागला नाही, कॉलेजकडं चौकशी केल्यावर कळलं. तेव्हा पोरांनो, स्वतःच्या रेझ्युमेतही न केलेलं प्रोजेक्ट टाकू नका, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

बोर्डवर रिटायर्ड आयएएस, जनरल, नामांकित प्रोफेसर आहेत. मग तर कंपनी सेफ असेल?

मी असं समजत नाही. अमेरिकेत थेरानोस नावाची कंपनी होती, बोटाच्या टोकातल्या रक्ताच्या थेंबावर ढीगभर तपासण्या करतो म्हणायची. तिच्या बोर्डवर हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झ हे दोन माजी परराष्ट्रमंत्री, आणि जेम्स मॅटिस हे लष्करातले जनरल. नावं बघून छाती दडपते. पण रक्ततपासणीच्या लॅबचं काम आयुष्यभर केलेला माणूस त्या टेबलावर कोण होता? २०१५ ला वॉल स्ट्रीट जर्नलनं बातमी छापली की मशीन सांगितलं तसं चालतच नाही, २०१८ ला कंपनी बंद झाली, आणि २०२२ ला संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं. मिरजेला जावा, दवाखान्यांचं गाव ते, तिथल्या कुठल्याही पॅथॉलॉजीवाल्या डॉक्टरांनी पहिल्या मिटिंगलाच विचारलं असतं की बोटातून काढलेल्या एवढ्याशा रक्तात हे सगळं कसं करता ते दाखवा.

आपल्याकडं सत्यम. ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंनी स्वतः पत्र लिहून कबूल केलं की हिशोबात हजारो कोटींचा घोटाळा आहे. त्या कंपनीच्या बोर्डवर हार्वर्डचे प्रोफेसर बसत होते. माझे दोन मित्र तेव्हा तिथं कामाला होते, त्यांच्या घरात त्या आठवड्यात चूल पेटली की नाही कुणास ठाऊक अशी अवस्था होती. मोठी नावं वर्षातून चार-पाच मिटिंगना येतात, रोजचे व्हाउचर ते बघत नाहीत. म्हणून बोर्डातल्या नावांपेक्षा रोज ऑफिसात बसणारी माणसं कोण हे आधी बघायचं, आणि बोर्डात त्या धंद्यातलं खरोखर कळणारं कुणी आहे का हे त्यानंतर.

हे सगळं खरं का खोटं तपासायचं कुठं? वेबसाइटवर तर कुणीही काहीही लिहील.

बरोबर. वेबसाइट ही त्यांनीच लिहिलेली असते, तिथं फक्त सुरुवात करायची.

पहिली जागा म्हणजे कंपनी मंत्रालयाची, ज्याला सगळे एमसीए म्हणतात त्यांची साइट. तिथं कंपनी मास्टर डेटा मिळतो. कंपनी कधी स्थापन झाली, भरणा भांडवल किती, डायरेक्टर कोण, शेवटचा ताळेबंद कुठल्या तारखेचा भरलाय, कंपनी चालू आहे का नोंदणीतून नाव काढलेल्यांत गेलीय. त्यासाठी कंपनीचं पूर्ण नोंदणीचं नाव लागतं, ब्रँडचं नाव नाही, आणि इथंच पोरं अडकतात. ऑफर लेटरच्या तळाशी बारीक अक्षरात ते नाव आणि सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी नंबर, असतो.

प्रत्येक डायरेक्टरला एक डीआयएन नंबर असतो, एका माणसाला आयुष्यभर एकच. त्यावरून तो अजून कुठल्या कंपन्यांत डायरेक्टर आहे हे कळतं. २०१३ च्या कंपनी कायद्यानं असं आहे की कंपनीनं सलग तीन आर्थिक वर्षं हिशोब किंवा वार्षिक विवरण भरलं नाही तर तिचे डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. म्हणून एखाद्याच्या नावावर सात-आठ कंपन्या आणि त्यातल्या निम्म्या बंद दिसल्या तर इंटरव्ह्यूच्या आधी थांबून विचार करा. धंदा बुडणं हा गुन्हा नाही हेही लक्षात असू द्या, नवीन काही करणाऱ्याची एखादी कंपनी बुडते. पण दर दोन वर्षांनी नवी कंपनी आणि जुनीचे हिशोबच भरलेले नाहीत, हा वेगळा नमुना झाला.

दुसरी जागा, कंपनी शेअर बाजारात असेल किंवा आयपीओ आणत असेल, म्हणजे पहिल्यांदा लोकांना शेअर विकत असेल, तर तिचं प्रॉस्पेक्टस म्हणजे माहितीपत्रक सेबीच्या (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) साइटवर मिळतं. चारशे-पाचशे पानं असतात, घाबरू नका, त्यात व्यवस्थापनाचं एक आख्खं प्रकरण असतं तेवढं वाचा. प्रत्येकाचं वय, शिक्षण, आधी कुठं काम केलं, पगार किती. इथं खोटं लिहिलं तर कायद्यानं अंगाशी येतं, त्यामुळं वेबसाइटवरचे फुगवलेले शब्द इथं गळून पडलेले दिसतात. वेबसाइटवरचा 'जागतिक दर्जाचा दूरदर्शी नेता' प्रॉस्पेक्टसमध्ये सरळ 'बीकॉम, आधी अमुक कंपनीत सहा वर्षं' असा येतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, खूप शिकायला मिळतं. त्याच कागदात कोर्टकचेऱ्यांचंही वेगळं प्रकरण असतं.

सीईओ आतून वर आलेला चांगला का बाहेरून आणलेला?

टीसीएसनं कोहलींनंतर कायम आतलाच माणूस घेतला. रामदोराई, मग २००९ ला चंद्रशेखरन, जे त्रिचीला एमसीए (ही कॉम्प्युटरची डिग्री, मंत्रालय नव्हे) करून १९८७ ला तिथं लागले आणि पुढं २०१७ ला टाटा सन्सचे चेअरमन झाले, त्यांच्यानंतर गोपीनाथन जे आधी तिथलेच सीएफओ, आणि २०२३ ला कृत्तिवासन तेही जुनेच. इन्फोसिसमध्ये आधी संस्थापकच एकामागून एक सीईओ झाले, मग २०१४ ला पहिल्यांदा बाहेरून, सॅप या सॉफ्टवेअर कंपनीतून विशाल सिक्का आले, २०१७ ला संस्थापकांशी मतभेद होऊन गेले, आणि २०१८ पासून कॅपजेमिनीतून आलेले सलील पारेख. म्हणजे बाहेरचा माणूस एकदा टिकला नाही आणि दुसऱ्यांदा टिकला. नियम काही सांगता येत नाही. फ्रेशरला यातून एवढंच घ्यायचं की वरच्या टीममध्ये निदान दोन-तीन माणसं तिथंच खालून वर आलेली असतील तर तुलाही वर जायचा रस्ता आहे. सगळेच्या सगळे बाहेरून आणलेले असतील तर तो रस्ता आहे का, ते विचार.

नवरा-बायको दोघंच डायरेक्टर आहेत. धोका आहे का?

प्रायव्हेट लिमिटेडला कमीत कमी दोन डायरेक्टर लागतात, त्यामुळं छोट्या कंपनीत घरातलीच दोन नावं असणं अगदी कॉमन आहे. तेवढ्यावरून काही ठरत नाही. दोघंही खरंच काम बघतात का आणि घराबाहेरचा एखादा जबाबदार माणूस वर आहे का, हे बघा.

टीमच्या फोटोत एकही बाई नाही. मुलीला पाठवावं का?

हा प्रश्न तासगावच्या एका काकूंनी विचारला होता आणि मला तो फार रास्त वाटला. लिस्टेड कंपनीला बोर्डवर निदान एक महिला संचालक कायद्यानंच लागते, त्यामुळं बोर्डचा फोटो बघून समाधान मानू नका. रोजचं काम चालवणाऱ्या टीममध्ये बघा, इंजिनिअरिंगमध्ये कोणी आहे का. एएमडी ही चिप बनवणारी कंपनी अडचणीत असताना २०१४ ला लिसा सू सीईओ झाल्या, एमआयटीच्या इलेक्ट्रिकलच्या पीएचडी, त्याआधी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, आयबीएम, फ्रीस्केल अशी सगळी वर्षं चिपमध्येच. त्यांनी ती वर काढली. अशी माणसं वर असली की खालच्या पोरींना बोलायला बळ येतं. छोट्या कंपनीत वर कोणी बाई नसेल तर थेट विचारा की टीम लीड किती मुली आहेत, रात्री उशीर झाला तर घरी सोडायची सोय काय आणि तक्रार समिती आहे का. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ती समिती कायद्यानं लागतेच.

तुम्ही हे एवढं पोटतिडकीनं का सांगता?

कारण माझ्याबरोबर घडलंय. पुण्यातली माझी दुसरी नोकरी, नाव घेत नाही. ऑफिस चकाचक, वेबसाइटवर सहा जणांची लीडरशिप टीम, सगळ्यांचे सुटातले फोटो. मी फोटोच बघितले. नंतर कळलं की सहाच्या सहा जण विक्रीतून आलेले, इन्शुरन्स, टेलिकॉम, फ्लॅट. हिशोब बघणारा वरच्या फळीत कोणी नाही आणि सॉफ्टवेअर बनवलेलाही कोणी नाही. ऑर्डरी भरपूर यायच्या, कारण सहा जण विकणारे, पण काय विकलंय ते बनवता येतं का हे बघणारं कोणी नव्हतं. तारीख चुकली की क्लायंट पैसे अडवायचा, मग आमचे पगार अडायचे. एका महिन्यात पगार झालाच नाही तेव्हा पीएफचं पासबुक उघडून बघितलं तर पाच महिने भरणाच नाही, पगारातून मात्र दरमहा कापलेला. त्या वर्षी वडिलांचं ऑपरेशन होतं आणि मी बहिणीकडून उसने घेतले. ती सहा प्रोफाइलं आधी वाचायला मला दहा मिनिटं लागली असती.

म्हणून नोकरीला लागल्यावरही पीएफचं पासबुक दर महिन्याला बघत जावा, कंपनीनं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा करायचा असतो.

इंटरव्ह्यूमध्ये साहेबांच्या अनुभवाबद्दल विचारलं तर ते चिडतील का?

नीट विचारलं तर उलट आवडतं. 'सर, तुमच्या सीटीओंनी आधी डेटाबेसवर काम केलंय असं मी वाचलं, मला ज्या टीममध्ये घेताय तिथं ते काम आहे का?' असं विचारलं की समोरच्याला कळतं पोरगं तयारी करून आलंय. पुण्याच्या पर्सिस्टंटचे आनंद देशपांडे डेटाबेसमध्येच पीएचडी करून, एचपीच्या लॅबमध्ये काम करून परत आले आणि १९९० ला कंपनी काढली, तिथं सुरुवातीची कामंही डेटाबेसचीच. अशा कंपनीत जाताना हे माहीत असलेला आणि नसलेला, दोघांत फरक पडतोच. 'तुमची डिग्री खरी आहे का' असं मात्र तोंडावर विचारू नका, ते आपलं आपण तपासायचं.

मी इंग्रजीत कच्चा आहे, ही पानं मला कळत नाहीत.

मोबाइलवर भाषांतर करून वाच, मग काय कळलं ते घरच्यांना मराठीत सांग. वडिलांना सांगताना तुझ्याच लक्षात येईल कुठल्या ओळीत काही माहिती आहे आणि कुठली नुसती हवा आहे. एका पोराच्या आजोबांनी असंच ऐकून विचारलं होतं, 'व्हय रं, पर ह्यो माणूस करतो काय?' त्या प्रोफाइलमध्ये याचं उत्तरच नव्हतं.

तुम्हाला कंपनीचं पान पाठवलं तर बघून सांगाल का?

सांगेन. पण नुसती लिंक पाठवू नका, कंपनीचं नोंदणीचं पूर्ण नाव, तुम्हाला कुठल्या कामावर घेतायत ते, आणि टीममधल्या प्रत्येकाबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटलं त्याची एक-एक ओळ लिहून पाठवा. ऑफर लेटरवर सही करायची तारीख जवळ असेल तर ती पण लिहा, म्हणजे तुमचं आधी बघता येईल. रविवारी सकाळी मी मोकळा असतो.